पाच गंज आणि एक किल्ली

मी काय काम करते असं आंधळगावात कोणी विचारलं की आई परस्पर सांगून टाकते, "कॉम्प्युटरमध्ये आहे ते." विचारणारा सगळं कळल्यासारखी मान हलवतो आणि बोलणं धानाच्या चुरण्यावर, म्हणजे मळणीवर, जातं. मला याचा राग येतो. तसा मला कशाचाही येतो, पण याचा जरा जास्त, कारण माझं काम खरं तर दोन वाक्यांत सांगता येतं.

'तितर' नावाची एक प्रोग्रामिंगची भाषा आहे. भुपेंद्र सरांनी वीस वर्षांपूर्वी नागपूरच्या एका कॉलेजात ती सुरू केली आणि आता हवामान मोजणाऱ्या, पंप चालवणाऱ्या लहानसहान यंत्रांत ती कुठे कुठे चालते. भाषेत लिहिलेलं प्रत्यक्षात करून दाखवणारा एक भाग तिच्या खाली असतो, त्याला रनटाइम म्हणतात. लिहिणारा हुकूम सोडतो, राबतो तो रनटाइम. तिथे एकाच वेळी अनेक जण कामाला लागले, त्यांना थ्रेड म्हणतात, तर त्यांनी एकमेकांच्या पायात पाय घालू नये अशी व्यवस्था करणं हे माझं काम. मोजलीत तर दोनापेक्षा जास्त वाक्यं झाली, पण कळलं ना?

सरांनी सुरुवातीला यावर एक सोपा उपाय करून ठेवला होता. एकच मोठी किल्ली. किल्ली ज्याच्या हातात तोच काम करणार, बाकीच्यांनी उभं राहायचं. चूक व्हायची सोयच नाही. पण हल्लीच्या कॉम्प्युटरला आठ-आठ हात असतात. त्यातला एक राबतो आणि सात नुसते उभे, हे पाहून माझं डोकं फिरायचं. दोन वर्षं घरी बसून मी ती किल्ली एकेका जागेवरून काढत आणली. एकूण दोनशे पंधरा जागा होत्या. दोनशे चौदा झाल्या आणि शेवटच्या जागी माझं गाडं अडलं.

त्या शुक्रवारी भुपेंद्र सरांचा फोन आला.

"कामिनी, सोमवारी नवीन आवृत्ती निघून राहिली. टेस्ट दहा हजार वेळा चालव. एकदाही पडली नाही, तर तुझं काम आत घेतो. पडली तर किल्ली राहील."

"मग पुढच्या आवृत्तीत घ्याल ना, सर?"

"पुढचं नको धरू. दोन वर्षं थांबलो मी. लोक विचारतात मला. सोमवारी जमलं नाही तर ते काम आपण बंद करून टाकू."

सर माणूस गोड आहेत, ओरडत नाहीत. म्हणून जास्त लागलं. दोन वर्षांचं काम, आणि ते सोमवारी संध्याकाळी डब्यात जाणार की नाही हे एका जागेवर अवलंबून.

ती जागा अशी. रनटाइममध्ये नावांचा एक तक्ता असतो. तो आधीपासून तयार नसतो, ज्याला पहिल्यांदा लागेल त्यानं तो बनवायचा. आता दोन थ्रेड एकाच क्षणी आले तर? मी तिथे एक खूण ठेवली होती, 'तक्ता तयार आहे' अशी. खूण तक्ता बनवून झाल्यावर केली, तर दोघांनाही येताना ती दिसत नाही, दोघेही तक्ता बनवतात, आणि सगळी नावं दोनदा. खूण आधी केली, तर दुसऱ्याला ती दिसते, तो बिनधास्त आत जातो आणि तक्ता रिकामाच असतो. तीन आठवडे मी खूण आधी, खूण नंतर, पुन्हा आधी, असं करत होते. दहा हजारांत तीन-चार वेळा टेस्ट पडायचीच.

पुस्तकातला उपाय मला माहीत नव्हता असं नाही. दुसऱ्याला थोडं थांबवायचं, बस. पण दोनशे चौदा जागी कोणालाही न थांबवता मी निभावून नेलं होतं, मग इथेच का म्हणून थांबवू? हा माझा हट्ट होता. मी त्याला तत्त्व म्हणत होते.

त्यात गावात भागवत सप्ताह सुरू होता आणि रविवारी काला. काल्याच्या दिवशी दोन हजार माणूस जेवतं आणि तो स्वयंपाक गेली बावीस वर्षं माझ्या आईच्या हातात आहे. ललिताबाई म्हटलं की आंधळगावात वेगळं सांगावं लागत नाही. भात आणि आलू-वांग्याची भाजी पुरुष मंडळी करतात, पण वरणाचे पाच मोठे गंज, म्हणजे पातेली, बायांची, आणि त्यांतलं मीठ फक्त आईचं. कारण आमच्याकडे नैवेद्य दाखवल्याशिवाय चाखायचं नाही. जिभेला थेंब लावायचा नाही, सगळं अंदाजानं. म्हणून मीठ एकाच हातानं पडलेलं बरं, हा आईचा नियम.

पण दिवाळीनंतर आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी उभं राहायला मनाई केली होती. मग समितीनं तिला एक प्लास्टिकची खुर्ची दिली आणि शनिवारच्या लहान पंगतीला ती खुर्चीतून राज्य करायला बसली. झालं काय, की एकेक बाई खुर्चीपाशी येणार, "ललिताबाई, मीठ टाकू का?" विचारणार, आई म्हणणार "थांब, मीच येतो", मग काठी टेकत उठणार, गंजापर्यंत जाणार, मीठ टाकणार, परत येणार. तोवर दुसरी येऊन उभी. आठ बाया हात कमरेवर ठेवून एका म्हातारीच्या गुडघ्याची वाट पाहत होत्या. वरणाला तासभर उशीर झाला.

मी समाजमंदिराच्या ओसरीत लॅपटॉप घेऊन बसले होते, नेट तिथे बरं चालतं. समोरच टिनाच्या शेडखाली स्वयंपाक. मला ते बघवेना. मी उठून गेले.

"आई, उद्या तू उठायचं नाही," मी म्हटलं. "कोणत्या गंजात किती मीठ ते सगळ्यांना आत्ताच सांगून ठेव. उद्या जिला वेळ असेल ती टाकेल आणि चुलीच्या विटेवर खडूनं फुली मारेल. फुली दिसली की मीठ पडलं. नाही दिसली की टाकायचं. कोणी कोणाला विचारायचं नाही, कोणीच थांबायचं नाही."

बाया खूश झाल्या. आमच्या शेजारच्या चंद्रकांता काकू तर म्हणाल्या, "बरं झालं वो पोरी. तुह्या मायले विचारता विचारता मागच्या साली माहं वरन बुडाले लागलं होतं."

आई तेवढी चुलीच्या विटांकडे बघत होती. मग म्हणाली, "अन् दोघी एकाच टायमाले आल्या तं?"

"नाही येत गं. पाच गंज, आठ बाया. सगळ्या एकाच गंजावर कशाला येतील?"

"येतात. मी बावीस सालापासून पाहून राहिली."

"तू बस," मी म्हटलं.

रविवारी सकाळी जमिनीत खोदलेल्या, काठाला विटा लावलेल्या चुलींवर पाचही गंज ओळीनं चढले. आई खुर्चीत, मी ओसरीत, बाया चुलींपाशी. माझी टेस्ट अकराच्या सुमारास सहा हजार तीनशेव्या फेरीला पडली. मी खूण नंतरची आधी केली आणि पुन्हा सुरू केली. मान वर करून पाहिलं तर शेडमध्ये सगळं सुरळीत. कोणी उभं नाही, कोणी विचारत नाही, डाळ घोटली जातेय, फोडण्या पडतायत. कॉम्प्युटर माझं ऐकत नव्हता, पण निदान बाया ऐकत होत्या. मला फार बरं वाटलं.

बारा वाजता कीर्तनात दहीहंडी आली. हंडी फुटताना बघायला सगळं गाव धावतं, स्वयंपाकातली माणसंही. मीही गेले. हंडी फुटली, लाह्या उधळल्या, माणसं परतली. मग दुसऱ्या गंजातून वरण घेऊन ताट सजलं, नैवेद्य दाखवला गेला, आणि पहिला प्रसाद रिवाजाप्रमाणे कीर्तनकार महाराजांना आणि समितीचे अध्यक्ष भैय्याजी यांना मिळाला.

महाराजांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. लोकांना वाटलं, भाव दाटून आला. भैय्याजींनी घास घेतला, पाणी प्यायले, दुसरा घास घेतला, पुन्हा पाणी प्यायले. तिसऱ्यांदा त्यांनी पेला उचलला तेव्हा आई खुर्चीत ताठ झाली. थोड्या वेळानं भैय्याजी मिशा पुसत शेडशी आले आणि आवाज खाली आणून बोलले.

"ललिताबाई, प्रसादाले मी नाव ठेवत नाही. चांगलाच झाला. पन पानी थोडं जास्त लागून राहिलं."

आईनं काठी घेतली. आता नैवेद्य झाला होता, चाखायला हरकत नव्हती. एकेका गंजातून तिनं तळहातावर थेंब घेतला. पहिला ठीक. दुसऱ्याला तिचं तोंड वाकडं झालं. तिसरा ठीक. चौथ्यापाशी ती जरा थांबली, पुन्हा थेंब घेतला. पाचवा ठीक.

"दोन नंबरात दोनदा मीठ आहे," ती म्हणाली. "अन् चारात नाहीच."

पाचही विटांवर फुल्या होत्या. ठसठशीत.

"दोन नंबरात कोनं टाकलं?" आईनं विचारलं.

"मी," चंद्रकांता काकू म्हणाल्या.

"मी बी," गुड्डी म्हणाली. गुड्डी म्हणजे आमच्या गल्लीत मागच्या वर्षी लग्न होऊन आलेली सून. कामाला वाघीण आहे, एका जागी पाय ठरत नाही.

"फुली नाही पाह्यली तुनं?"

"नव्हतीच ना फुली. पाहूनच टाकलं, मंग मारली."

"कशी असन?" काकू म्हणाल्या. "खडू तुह्याच हातात होता. मी मीठ टाकलं अन् तुले हुडकाले गेली खडूसाठी. वापस आली तं फुली मारलेली. म्हटलं, चला, कोनीतरी आपली मारून देल्ली."

"अन् चारात?"

गुड्डीनं पदर तोंडाला लावला. "त्याच्यात असं झालं, की म्हटलं खडू हातात आहेच, आधी फुली मारून घ्यावं, मंग मीठ आनावं. मीठ आनाले गेली अन् हंडी आली."

"मंग?"

"मंग मी हंडीकडे पळाली. वापस आली तं चारवर फुली होती."

"तुहीच फुली ते!"

"हो, पन मले वाटलं, फुली आहे म्हणजे टाकलंच असन."

बाया हसायला लागल्या. काकू तर चुलीपाशीच खाली बसल्या. मी मात्र जागच्या जागी थिजले. फुली नंतर मारली, मीठ दोनदा. फुली आधी मारली, मीठच नाही. तीन आठवडे ज्याच्यापायी मी केस उपटत होते तेच इथे दोन गंजांत उकळत होतं, आणि दोन्ही गंज माझ्याच अकलेचे. घरात सुटत नव्हती ती चूक मी गावाला वाढून मोकळी झाले होते. आणि आईनं आदल्या दिवशी नेमकं हेच विचारलं होतं.

"माझं चुकलं," मी म्हटलं. हे शब्द माझ्या तोंडून सहसा निघत नाहीत, म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

आई रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसतं म्हटलं, "बादल्या आना."

दोनातलं वरण चारात, चारातलं दोनात. आठ बाया, चार बादल्या, आई खुर्चीतून मोजत होती. एकात दुप्पट होतं, एकात काहीच नव्हतं, म्हणजे दोघांत मिळून बरोबरच होतं. वीस मिनिटांत दोन्ही गंजांचं वरण एकसारखं झालं आणि पहिली पंगत बसली. भैय्याजींनी पंगतीतून फिरताना मुद्दाम वरण मागून घेतलं, भुरका मारला आणि आईकडे पाहून मान डोलावली.

पण तेवढ्यावर भागणार नव्हतं. निम्मं गाव अजून जेवायचं होतं, आणि वरणाचे आणखी पाच गंज चढवायचे होते. मला वाटलं, आता आई पुन्हा काठी घेणार आणि मीठ स्वतःच्या ताब्यात ठेवणार. मी काही बोलायच्या लायक उरले नव्हते. आईनं मात्र पाच वाट्या मागवल्या. स्टीलच्या, साध्या. खुर्चीत बसूनच तिनं पाचांत मीठ मोजून भरलं आणि प्रत्येक चुलीच्या विटेवर एकेक वाटी ठेवायला लावली.

"आता ऐका," ती म्हणाली. "जिच्या हातात वाटी आली, तिनं टाकाचं. वाटी जाग्यावर नसन, तं समजाचं का कोनी टाकून राहिली, आपण तिथंच उभं राहाचं. टाकून झालं का वाटी उपडी ठेवाची. उपडी दिसली का मीठ पडलं."

"अन् खडू?" गुड्डीनं विचारलं.

"खडू शाळेत नेऊन दे."

मी ओसरीत गेले नाही. तिथेच खांबाला टेकून बघत राहिले. गंज उकळायला लागले. तिसऱ्या गंजावर चंद्रकांता काकूंनी वाटी उचलली आणि मीठ पसरून टाकायला लागल्या. तेवढ्यात दुसऱ्या बाजूनं गुड्डी आली, हातात चिरलेल्या सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, परात. मिठानंतर सांबार घालायचा, तिचं काम ते. विटेवर वाटी नव्हती. ती उभी राहिली. परात कमरेला लावून, अर्धा मिनिट असेल. काकूंनी ढवळून घेतलं, वाटी उपडी ठेवली, गुड्डीनं सांबार घातला आणि पुढे गेली. त्या अर्ध्या मिनिटात बाकीच्या चार गंजांवर कोणाचाही हात थांबला नव्हता. गुड्डीचंही काही बिघडलं नव्हतं. उलट तिनं तेवढ्यात कपाळाचा घाम पुसून घेतला.

एक वाटी दोन हातांत जात नाही. एवढीच गोष्ट. फुली बघायची आणि मग मीठ टाकायचं, या दोहोंच्या मधे फट होती, माणूस तिच्यातून हंडी बघायलाही जाऊन येत होता. वाटीला फटच नव्हती. बघणं आणि घेणं एकच. आणि थांबायचं ते फक्त त्याच गंजावर आलेल्या बाईनं, तेही मीठ पडेपर्यंतच. सगळ्यांनी एका खुर्चीपुढे थांबणं वेगळं आणि एकीनं एका वाटीसाठी थांबणं वेगळं, हे मला कळत नव्हतं असं कसं म्हणू? कळत होतं. पण त्या एका किल्लीचा मला एवढा राग आला होता, की थांबणं म्हटलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा, मग ते कुठलंही असो.

"आई," मी खुर्चीशी जाऊन विचारलं, "हे एवढं सोपं होतं, तर बावीस वर्षं तूच का मीठ टाकत बसलीस?"

आई हसली. "पयल्या साली असंच झालं होतं वो. दोनदा मीठ. तवा भैय्याजीचे वडील अध्यक्ष होते. भर पंगतीत बोलले मले. मी नवीन, खूप रडली. म्हटलं, आता कोनाच्या हाती नाही देत, मीच टाकीन. दुसरं काही सुचलंच नाही तवा. मंग तेच सुरू राहिलं."

"आणि वाटीचं कधी सुचलं?"

"काल. वाटीचं सुचाले खुर्चीत बसा लागलं."

लहानपणी दर काल्याला मी चंद्रकांता काकूंच्या मांडीला मांडी लावून जेवायचे. बाकी पोरींच्या आया त्यांच्या शेजारी बसायच्या, माझी आई चुलीपाशी. सगळं आटोपून ती घरी यायची तेव्हा तिच्या डब्यात गार भात असायचा आणि बोलायचं त्राण नसायचं. मी तिच्यावर रागावायचे. तिला मिरवायला आवडतं, दुसऱ्या कोणाला काही करू देत नाही, असं मला इतकी वर्षं वाटत आलं होतं. घाबरून तिनं ते धरून ठेवलं असेल हे मनातही आलं नाही. मी कधी विचारलंही नाही.

मग मी ओसरीत गेले. तीन आठवड्यांची खूण पुसून टाकली आणि तिच्या जागी वाटी ठेवली. कॉम्प्युटरला हे करता येतं, बघणं आणि घेणं एकाच झटक्यात, तशी एक आज्ञाच असते. वाटी भरलेली, वाटी कोणाच्या हातात, वाटी उपडी. तीन अवस्था, अकरा ओळी. कोड सरांना पाठवला, त्यांना फोन करून सांगितलं की तुमच्या कॉलेजच्या मोठ्या मशीनवरही चालवा, आणि इकडे दहा हजार फेऱ्या सुरू केल्या. त्याला दीड तास लागतो. मला भीती वाटत होती. सहा हजारापर्यंत तर याआधीही कितीदा पोचले होते.

शेवटची पंगत तीन वाजता बसली. आई खुर्चीतून उठून वाढणाऱ्यांवर लक्ष ठेवायला निघाली होती. मी तिचा हात धरला.

"जेवायला बस."

"मी? मी मागून जेवतो, घरी. अजून भांडे..."

"भांडी होतील. आज तुला कोणी काही विचारायला येणार नाही. बस माझ्याशेजारी."

तिनं सवयीनं शेडकडे पाहिलं. खरंच कोणी तिच्याकडे येत नव्हतं. दोन गंज रिकामे होऊन धुवायलाही गेले होते. मग तिची खुर्ची आम्ही पंगतीच्या टोकाला लावली, समोर एक उपडं टोपलं आणि त्यावर पत्रावळ. मी तिच्या पायाशी मांडी घालून बसले आणि लॅपटॉप शेजारी तांदळाच्या पोत्यावर ठेवला. आठ हजार नऊशे.

चंद्रकांता काकू भात घेऊन आल्या. "बावीस सालात पयल्यांदा वाढून राहिली तुले, ललिताबाई," त्या म्हणाल्या आणि आईच्या पत्रावळीवर दोन जास्तीचे चमचे टाकले. आईला हातांचं काय करावं कळेना. ती दोनदा अर्धवट उठली. एकदा, भात पुरेल का म्हणून. एकदा, त्या कोपऱ्यात भाजी गेली नाही म्हणून. दोन्ही वेळा भाजी आणि भात आपोआप तिथे पोचले आणि ती पुन्हा बसली.

नऊ हजार चारशे. मी घास हातात धरून आकडे बघत होते. नऊ हजार आठशे. नऊ हजार नऊशे नव्वद. मग आकडा दहा हजारावर थांबला आणि खाली हिरवी ओळ आली. एकही पडली नव्हती. मी पुन्हा वाचलं. एकही नाही.

फोन वाजला. भुपेंद्र सर.

"कामिनी, इकडे चाळीस हजार वेळा चालवली. नाही पडली. तुझ्याकडे?"

"नाही पडली, सर."

"कोणी थांबते का कुठे?"

"एका जागी थांबतं, सर. ज्याला तक्ता पाहिजे तोच, आणि फक्त पहिल्याच वेळी."

"तू तर म्हणत होती, कोणीच थांबायचं नाही."

"चुकत होते," मी म्हटलं. एका दिवसात दुसऱ्यांदा.

सर म्हणाले, "किल्लीची ओळ तूच काढ आता. माझ्याच्यानं नाही होणार. त्या वेळी दुसरं काही सुचलं नव्हतं मला, म्हणून ठेवली होती. वीस वर्षं झाली बघ."

"चांगलं सांभाळलं तिनं, सर," मी म्हटलं, आणि मला ते मनापासून वाटलं. दोन वर्षांत त्या ओळीबद्दल मी एकही चांगला शब्द बोलले नव्हते.

उजवा हात वरण-भातानं भरला होता. डाव्या हातानं ती ओळ शोधली आणि पुसली. बदल पाठवून लॅपटॉप बंद केला.

आई जेवत होती. भाताची वाफ तिच्या चष्म्यावर आली होती आणि तिनं ती पुसलीही नव्हती. "गरम गरम किती चांगलं लागते वो," ती मला म्हणाली, जसं काही मला हे माहीत नसेल. मग तिनं गुड्डीला हाक मारून आणखी वरण मागितलं, भातात आळं केलं आणि दुसऱ्यांदा जेवायला लागली. मीठ कोणी टाकलं, हे तिनं विचारलं नाही.